सूप समजून मागवलेला मासा : सिंगापुरातल्या एका जेवणाचं प्रकरण

आई वेंगुर्ल्याहून पहिल्यांदाच सिंगापूरला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिला इथलं काय खायला घालावं याचाच विचार माझ्या डोक्यात आठवडाभर चालू होता. कल्ले उचलून बघितल्याशिवाय तिनं आजवर मासा विकत घेतलेला नाही. तिची जीभ पक्की आहे आणि नवं काही चाखायला ती नेहमी तयार असते. घराजवळच्या मॉलच्या तळघरात एक साधं चिनी रेस्टॉरंट आहे. त्याच्या पाटीवर इंग्रजीत ‘आंबट माशाचं सूप’ अशा अर्थाची ओळ होती. आमच्याकडे मालवणीत माशाच्या आमटीला सारच म्हणतात. आंबट सार आईला ओळखीचं वाटेल, असा माझा हिशेब.

ती संध्याकाळ पुरती बिघडली. मासा वातड लागला, सात वर्षांची मुलगी घाबरून रडली, आम्ही मॅनेजरकडे तक्रार केली, बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त आलं आणि घरी येताना कोणी फारसं बोललं नाही. दोन आठवड्यांनी आम्ही परत तिथेच गेलो, तोच पदार्थ मागवला आणि आईनं तीन वेळा भात घेतला. मधल्या काळात तिथल्या स्वयंपाकघरात काहीही बदललं नव्हतं. पहिल्या दिवशी नेमकं काय झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडची कुटुंबं अशा जागी हीच गफलत करताना मी नंतरही पाहिली आहेत.

पहिली संध्याकाळ

रविवार, साडेसातची वेळ. नंबराचा कागद घेऊन वीस मिनिटं बाहेर उभे राहिलो. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला, मेनू मोबाइलवर. नवऱ्यानं सुरुवातीला सूप म्हणून मधल्या आकाराचा मासा निवडला आणि ‘जेवण’ म्हणून फ्राइड राइस, चिकनचा एक प्रकार आणि एक पालेभाजी. मुलीसाठी तिखट ‘कमी’ असं टिचकवलं. बसल्याबसल्या शेंगदाण्यांची बशी, ओले टिश्यू आणि चहा समोर आला, तो आम्ही घेतला.

मग ते भांडं आलं. चार माणसांची कणीक मळायच्या परातीएवढ्या तोंडाचं, पण चांगलं खोल. वर तेलाचा पिवळसर थर, त्यात सुक्या मिरचीचे तुकडे, तीळ आणि हिरवट दाण्यांचे झुबके. तेल अजून चुरचुरत होतं. त्याखाली माशाचे पातळ पांढरे काप, कडा वळलेल्या, आणि अगदी तळाशी पिवळट-हिरवी पानं आणि देठ.

आम्ही सूप वाढतो तसं पळीनं वरवरचा रस वाट्यांत घेतला. मासा भांड्यातच ठेवला. भात आला की त्याच्याबरोबर खाऊ, असं ठरलं. आईनं पहिला घोट घेतला आणि तिला जोराचा ठसका लागला, कारण वाटीत रसापेक्षा तेलच जास्त आलं होतं. मुलीनं दोन चमचे घेतले आणि ओठ चोळायला लागली. “आई, माझी जीभ झोपली,” म्हणाली आणि तिला रडू फुटलं. माझ्या पोटात गोळा आला. ओठ बधिर झाले म्हणजे माशाची ॲलर्जीच, असं वाटून मी तिचा गळा, हात, पाठ, कुठे पुरळ उठलंय का ते बघू लागले. नवरा टॅक्सी बघायला उठलासुद्धा.

आईनं भांड्यातला एक हिरवट दाणा चिमटीत उचलला, हुंगला, दाताखाली धरला आणि क्षणभर थांबली.

“ह्यां तिरफळ गो!”

बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते जीभ बधिर करणारं तिरफळ. पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मुलीच्या जिभेला मुंग्या येणं कमी होत गेलं, पुरळ नाही, सूज नाही, श्वास व्यवस्थित. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

या सगळ्या गडबडीत वीस मिनिटं गेली. भात आला, मग मासा वाढून घेतला, तर तो कडक आणि कोरडा. नवऱ्यानं मॅनेजर बाईंना बोलावून मासा जास्त शिजवल्याचं सांगितलं. त्यांनी भांड्यात डोकावून विचारलं, “तुम्ही थांबून खाल्लात का?” आम्हाला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. त्यांनी वाद घातला नाही, मुलीसाठी साध्या भाताचा वाडगा आणून दिला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. आपण पोह्यातला कढीपत्ता बाजूला काढतो तशी आम्ही पानं बाजूला काढली होती. भांडं परत गेलं तेव्हा ते निम्मं पानांनीच भरलेलं होतं.

नावात सूप नाहीच

सोमवारी ऑफिसात ही हकीकत सांगितली ती चोंगचिंगहून आलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणीला. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “पानं तरी खाल्लीत ना?”

नाही म्हटल्यावर तिनं कागदावर तीन अक्षरं काढली. स्वान-त्साय-यू. ‘स्वान’ म्हणजे आंबट, ‘त्साय’ म्हणजे पालेभाजी, ‘यू’ म्हणजे मासा. सूप हा शब्द या नावात कुठेच नाही. आंबट हे विशेषणही माशाचं नसून भाजीचं आहे. आंबवलेल्या भाजीतला मासा, असं त्याचं सरळ मराठी होईल. पाटी इंग्रजीत रंगवताना भाजी गळून पडली आणि सूप आत शिरलं. आमची संध्याकाळ बिघडली ती तिथूनच, असं माझं ठाम मत आहे. सूप म्हटलं की माणूस आधी रस पितो, जेवणाची वाट बघतो आणि त्यातला पाला बाजूला सारतो. आम्ही तिन्ही गोष्टी अगदी इमानानं केल्या.

चिनी गिऱ्हाईक या पदार्थाकडे कसं बघतं हे समजायला एक उदाहरण पुरे. ‘ताइ अर’ ही 2015 मध्ये ग्वांगझूत सुरू झालेली, याच पदार्थावर उभी राहिलेली साखळी. (आम्ही गेलो ती जागा वेगळी.) तिचं ब्रीदवाक्यच आहे की आंबवलेली भाजी माशापेक्षा चविष्ट. मासळीच्या पदार्थावर दुकान चालवणारा माणूस स्वतःच भाजीला वरचा मान देतो, आणि गिऱ्हाइकाला ते पटतं.

आंबट रस्सा हाच ज्याचा जीव आहे असा पदार्थही चीनमध्ये आहे, पण तो दुसरा. ग्वेइझो प्रांतात काइली शहराच्या आसपास राहणारे म्याव लोक तांदळाचं धुवण आंबवून पांढरा आंबट रस करतात, टोमॅटो आणि मिरची आंबवून लाल करतात, आणि त्यात मासा शिजवतात. त्याला सूप म्हटलं तर कोणाचं काही बिघडत नाही. इंग्रजी मेनूवर मात्र हे दोन्ही पदार्थ एकाच नावाखाली येतात.

आमचा पदार्थ चोंगचिंगचा. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर. 1997 मध्ये ते सिचुआन प्रांतातून वेगळं काढलं गेलं. नदीकाठच्या आणि रस्त्याकडेच्या खाणावळींतला हा मासा 1990च्या दशकात चीनभर पसरला. त्याचा मान आपल्याच गावाकडे आहे असं चोंगचिंगच्या आसपासची एकाहून जास्त गावं सांगतात.

बरणीतली भाजी

ज्या पानांना आम्ही हात लावला नाही, ती मोहरीच्या पाल्याची. आपल्या मोहरीपेक्षा बरीच मांसल, जाड देठाची जात. सिचुआन-चोंगचिंगकडे ती मिठाच्या पाण्यात मुरवतात. मुरवण्याची मातीची बरणी बघण्यासारखी असते. तिच्या तोंडाभोवती झाडाच्या आळ्यासारखी एक गोल पन्हळ असते. त्या पन्हळीत पाणी भरायचं आणि बरणीवर वाडगा असा पालथा घालायचा की त्याचे काठ पाण्यात बुडतील. आत तयार होणारा वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. रात्री स्वयंपाकघर शांत झालं की बरणीची गुडगुड ऐकू येते, असं मैत्रीण सांगत होती. तिच्या आजीच्या बरणीतलं पाणी कधीच पूर्ण ओतून टाकलं जात नसे. त्यातच नवं मीठ, नवा पाला. आपण दह्याचं विरजण राखतो तसं.

हवा नसल्यामुळे आत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात. दह्याचा आंबटपणाही याच आम्लाचा. म्हणून या भाजीचा आंबटपणा चिंचेसारखा टोचत नाही आणि कोकमासारखा तुरटही लागत नाही. तो खोल असतो, मागे रेंगाळतो. आई दुसऱ्या वेळी म्हणाली, “आंबोळीचं पीठ नीट आलं की वास येतो ना, त्याच्या जवळचा.” मला याहून नेमकं वर्णन अजून सुचलेलं नाही.

यात घाई चालत नाही. पाला बरणीत गेल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यातलं नायट्राइट (जास्त झालं तर शरीराला घातक ठरणारं द्रव्य) वाढतं आणि मग उतरतं. म्हणून तीनेक आठवडे झाल्याशिवाय खायचं नाही, हे चिनी घरात सगळ्यांना माहीत असतं. स्वच्छतेचा प्रश्नही मोठा आहे. 15 मार्च 2022 रोजी चीनच्या सरकारी वाहिनीनं ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हूनान प्रांतातली दृश्यं दाखवली. जमिनीतल्या खड्ड्यांत मोहरीचा पाला मुरतोय आणि कामगार अनवाणी त्यावर चालताहेत. देशभर संताप उसळला, दुकानांनी त्या भाजीची पाकिटं फळ्यांवरून उतरवली. त्यानंतर आपली भाजी कुठे आणि किती दिवस मुरते हे रेस्टॉरंटं ठळकपणे सांगू लागली, ते योग्यच झालं. ज्या पदार्थाचा जीव बरणीत आहे, तिथे गिऱ्हाइकानं बरणीबद्दल विचारायलाच हवं.

मासा का वातड झाला

आमच्या तक्रारीचा मुद्दा हा. पदार्थ कसा होतो ते कळल्यावर मला त्या मॅनेजर बाईंबद्दल फार वाईट वाटलं.

मासा गोड्या पाण्यातला असतो. पूर्वीपासून गवत्या (ग्रास कार्प), आता बऱ्याच ठिकाणी काळा मासा म्हणजे आपली मरळ. कोकणातल्या माणसाचं गोड्या पाण्यातल्या माशाशी फारसं जमत नाही, चिखलाचा वास येतो म्हणून. हा वास बऱ्याचदा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो त्यातलंच हे द्रव्य. मातीत ते आपल्याला वेड लावतं आणि माशात नकोसं होतं. आम्लाच्या सान्निध्यात ते टिकत नाही. नदीकाठच्या स्वयंपाक्यांनी आंबवलेली भाजी माशाबरोबर घातली, त्यामागे हा अनुभव असणार.

मरळीची आणखी एक सोय. गवत्याच्या मांसात दोन टोकांचे बारीक काटे विखुरलेले असतात, मरळीत ते नसतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जेवायला असतील तर मेनूत कोणता मासा लिहिलाय ते आधी बघावं. स्वस्तात मिळतो तिथे पुष्कळदा व्हिएतनामहून गोठवून आलेला बासा असतो. काटा नाही, पण चवही बेताची.

मासा हाडापासून सोडवून तिरक्या सुरीनं पातळ कापतात, धुतात, मीठ, अंड्याचा पांढरा भाग आणि स्टार्च चोळून ठेवतात. डोकं आणि काटा आधी तेलात परतून त्यावर उकळतं पाणी ओततात आणि मोठ्या आचेवर खळखळवतात. त्यानं रस दुधासारखा पांढरा होतो. दूध त्यात थेंबभरही नसतं, हाडांतल्या जिलेटिननं चरबीचे सूक्ष्म थेंब धरून ठेवलेले असतात. भाजी, आलं, लसूण आणि मुरवलेल्या मिरच्या परतून त्या रसात जातात. माशाचे काप सगळ्यात शेवटी, आणि ते रसात जेमतेम मिनिटभर राहतात. मग भांड्यात ओतून वर मिरची, तिरफळाचे भाईबंद दाणे आणि कडकडीत तेलाची फोडणी.

हे तेलच आमच्या चुकीच्या मुळाशी होतं. वरचा थर झाकणासारखं काम करतो. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे खालचा रस बराच वेळ चटका बसेल इतका गरम राहतो. काप मिनिटभर शिजलेले, आणि आम्ही ते त्या रसात आणखी वीस मिनिटं ठेवले. मासा स्वयंपाक्यानं नीट केला होता, तो आमच्या टेबलावर जास्त शिजला. “थांबून खाल्लात का?” हा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

‘ला’ आणि ‘मा’

मुलीच्या रडण्याचं कारणही शब्दातच होतं. चिनीत तिखटाला ‘ला’ म्हणतात आणि जीभ बधिर होण्याला ‘मा’. दोन्ही वेगळ्या संवेदना, दोन्हींना वेगळे शब्द. आम्ही ‘ला’ कमी करायला सांगितलं, त्यांनी मिरची कमी केली. ‘मा’बद्दल आम्ही काही बोललोच नव्हतो.

सिचुआनी मिरी म्हणून विकले जाणारे ते दाणे मिरीच्या कुळातले नाहीत. ते तिरफळाच्याच वंशाचे. आपलं तिरफळ, सिचुआनचे लाल दाणे आणि माशावर घालतात ते हिरवे दाणे ही एकाच वंशातली तीन वेगवेगळी काटेरी झाडं. दोन्हीकडे आतलं काळं बी टाकून देतात आणि साल वापरतात. दोन्हीकडे ते माशात जातं. वेंगुर्ल्याची बाई आणि चोंगचिंगचा स्वयंपाकी एकमेकांना न भेटता एकाच गोष्टीपाशी पोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यातल्या सॅनशूल नावाच्या द्रव्यानं ओठांतल्या स्पर्शाच्या नसा चेतवल्या जातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये हे मोजलं : ओठांना जाणवणारी थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांच्या जवळ जाते. खरं तर काहीच हलत नसतं, पण मेंदूला ओठ थरथरल्यासारखे वाटतात. सात वर्षांच्या मुलीनं घाबरावं हे साहजिक आहे. ही बधिरता ओठ-जिभेपुरती राहते आणि थोड्या वेळात ओसरते. पुरळ, चेहऱ्यावर सूज, उलट्या किंवा धाप यातलं काही दिसलं, तर मात्र तिरफळाला दोष देत न बसता लगेच डॉक्टर गाठावा.

बिलाचं थोडक्यात. शेंगदाणे, टिश्यू आणि चहा फुकट नव्हते. नको असतील तर बसतानाच परत द्यायचे असतात. शिवाय इथे बऱ्याच ठिकाणी मेनूतल्या किमतीवर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 100 डॉलरचं जेवण 119.90 ला पडतं.

दुसरी संध्याकाळ

नवरा कामासाठी जकार्ताला गेला होता. आई, मी, मुलगी आणि मैत्रीण अशा चौघी गेलो, या वेळी मंगळवारी, सहा वाजताच. मॅनेजर बाई त्याच होत्या. मी आधी त्यांच्याकडे जाऊन मागच्या तक्रारीबद्दल माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पुष्कळ जणांचं असं होतं.”

मैत्रिणीनं मासा मरळीचा सांगितला, आमच्यासाठी नेहमीसारखा. मुलीसाठी टोमॅटोच्या रसातल्या माशाचं लहान भांडं, त्यात ‘मा’ अजिबात नको असं स्पष्ट बजावून. साधा भात आधीच मागवून ठेवला. शेंगदाणे परत, चहा ठेवला.

भांडं टेबलावर टेकताच मैत्रिणीनं झाऱ्यानं वरच्या मिरच्या आणि दाणे एका बशीत काढून घेतले. मग तेलाखालून मासा उचलला, निथळला आणि आईच्या वाडग्यात वाढला. “आंटी, आधी मासा, लगेच.” काप ओठांनी तुटेल इतका मऊ होता. आईनं दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि म्हणाली, “चिखलाचा वास नाही हो.” गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

मासा संपल्यावर खरं जेवण सुरू झालं. भाजीचे देठ काढून भातावर घ्यायचे. बाहेरून मऊ, दाताखाली करकर वाजणारे, आंबट, खारट, रसाची चव प्यालेले. मैत्रिणीनं उरलेल्या रसात रताळ्याच्या शेवया सोडल्या, त्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या. रस कोणी वाटीत घेऊन प्यायलं नाही. आईनं तिसऱ्यांदा भात घेतला आणि दोघी तिरफळावर बोलत बसल्या, अर्ध्या खुणांनी, अर्ध्या माझ्यामार्फत. आईनं सांगितलं की ते वाटायचं नसतं, नुसतं ठेचून उकळीत टाकायचं, नाहीतर कडवटपणा उतरतो. मैत्रिणीनं मोबाइलवर टिपून घेतलं.

शेवटी गुळाच्या पाकासारख्या काळसर पाकातले, चिकट तांदळाचे तळलेले तुकडे आले, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. मुलीनं बशी स्वतःकडे ओढून घेतली.

आई आता वेंगुर्ल्याला परत गेली आहे. तिथे मोहरीचा पाला मिळेना, म्हणून तिनं मुळ्याचा पाला देठांसकट घेतला, दोन दिवस सावलीत सुकवला आणि लोणच्याच्या बरणीत मिठाच्या पाण्यात घातला. पन्हळीची बरणी नाही, तर तोंडाला फडकं बांधून वर दगड ठेवला. पहिली खेप बुरसली, टाकून द्यावी लागली. दुसऱ्या वेळी मैत्रिणीला विचारून मिठाचं प्रमाण वाढवलं आणि पाला पाण्याखाली राहील असं पाहिलं. काल फोन आला तेव्हा सतरावा दिवस होता. पाणी थोडं गढूळ आहे, वास चांगला आहे, पण अजून उघडणार नाही म्हणाली. बाजारात मरळ कुठे मिळते याची चौकशी तिनं आधीच करून ठेवली आहे.